गोधडीतला भात

कांदळबेटावरचं सरपण संपत आलं आणि महीपतराजाने फर्मान काढलं, उद्यापासून कुणी संध्याकाळची चूल पेटवायची नाही! राजवाड्याला लाकूड कमी पडतं म्हणे. पडणार नाही तर काय! राजेसाहेब उठायचे भर दुपारी. त्यांचं जेवण तोवर ऊन राहावं म्हणून सकाळभर सहा चुली भगभगत असायच्या. किनाऱ्यावरची कांदळाची झाडं तोडून झाली होती, आता माडांचा नंबर होता.

मुदपाकखान्यात वाटण वाटणाऱ्या येसूचं डोकंच फिरलं. तिचा बाप, धाकू खारवी, दिवसभर समुद्रात भिजून घरी यायचा तो गरम कालवणाच्या आशेवर. त्याच्यापुढे गारढोण भात ठेवायचा? तिने वरवंटा तिथेच टाकला, थेट राजापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली की फर्मान मागे घ्या, वाड्याचं लाकूड मी निम्म्यावर आणून दाखवते.

राजाला गंमत वाटली. त्याने अटी घातल्या. ताटातला एकही पदार्थ कमी होता कामा नये, आपण उठू तेव्हाच उठणार, आणि भातातून वाफ निघालीच पाहिजे.

"आणि नाही जमलं तर?"

"तर आमच्या घरची सकाळचीही चूल विझवा, महाराज."

दुसऱ्या दिवशी सकाळी येसूने भाताला दोन कढ येऊ दिले आणि पातेलं उतरवलं. आमटी उतरवली, भाज्या उतरवल्या, चुलीतली लाकडं ओढून विझवली. आचारी कपाळाला हात लावून ओरडला, की अगं, भात कच्चा आहे! येसूने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. काथ्या ठासून भरलेल्या टोपल्यांत तिने एकेक पातेलं बसवलं आणि वरून जुन्या गोधड्या गच्च खोचल्या. बापाची पेज ती होडीवर अशीच द्यायची. भर समुद्रात दुपारी मडकं उघडलं की पेज मऊ शिजलेली आणि चटका बसेल इतकी गरम!

दुपारी राजा पाटावर बसला. झाकण निघालं आणि वाफ राजाच्या मिशांपर्यंत गेली. भाताचं शीत न् शीत मोकळं. राजा उठून मुदपाकखान्यात गेला, सहाही चुलींत हात घालून आला. राख गार होती.

"पोरी, हे चेटूक आहे. आग नाही, तर ऊब आली कुठून?"

"महाराज, समुद्रावरचा वारा सुटला की आपण दुपारपर्यंत गोधडी घेऊन निजता. अंग गरम राहतं ना?"

"राहतं की. चांगलं ऊबदार राहतं."

"मग आपल्या पलंगाखाली रोज किती लाकूड जळतं?"

आचाऱ्याच्या हातातला डाव खाली पडला. राजा असा हसला, असा हसला की त्याला ठसकाच लागला! फर्मान तिथल्या तिथे फाडलं गेलं. कुऱ्हाडीसाठी खुणा केलेले बारा माड येसूला बक्षीस मिळाले, आणि त्या संध्याकाळी धाकूच्या घरी कालवण रटरटत होतं.