कुरलोजीच्या डोळ्यांमधली काडी

त्या खाडीच्या राज्यात लांबचं सगळं ठाऊक असे आणि जवळचं काहीच नसे. समुद्रात शीड दिसलं की ते बेटाच्या अलीकडे की पलीकडे, हे चिखलात लोळणारं पोरही सांगे. शेजारच्या बिळातलं कोण कालपासून दिसत नाही, हे मात्र कोणी विचारत नसे.

खाडीच्या तोंडाशी एक चिखलाचा उंचवटा होता. भरतीचं पाणी त्यावर चढत नसे. तिथे कुरलोजी नावाचा खेकडा पहाऱ्याला बसे. पाठ ढालीसारखी, नांग्या अशा की नारळ फुटावा. त्याचे दोन डोळे म्हणजे दोन सख्ख्या बहिणी, थोरली आणि धाकटी, आपापल्या देठावर बसलेल्या. पूर्वी दोघी इतक्या खेटून बसत की एकीचं बोलणं दुसरीच्या तोंडात संपे. पण कारभारी बगळ्याने कुरलोजीला पहारेकरी नेमलं, त्या दिवशी दोन देठांच्या मधे तिवराची एक सरळ काडी आडवी बसवली.

"डोळे जितके लांब लांब, तितकी नजर लांब," बगळा म्हणाला. "ही मानाची काडी. राजाचा हुकूम आहे."

राजा समुद्रापलीकडे राहत असे. त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं.

काडीचा गुण काही खोटा नव्हता. थोरली म्हणे, "शीड मला डोंगराच्या सोंडेवर दिसतंय." धाकटी म्हणे, "मला सोंडेच्या जरा बाजूला." दोघींच्या सांगण्यातला तेवढा फरक धरून कुरलोजी शीड किती लांब आहे ते अचूक सांगे. खाडीभर त्याचं नाव झालं. शिडं मात्र सगळी परस्पर निघून जात.

फजिती व्हायची ती जवळ. कोणी नांगीच्या टप्प्यात आलं की थोरली ओरडे, "उजवा गाल आहे, मागे तिवर!" धाकटी ओरडे, "कसला उजवा? डावा गाल, आणि मागे वाळू!" एवढ्या फाकून बसलेल्या दोघींना एकाच जीवाच्या दोन वेगळ्या बाजू दिसत, आणि पहाऱ्याचा नियम असा, की दोघींचं जुळेल तेवढंच खरं. जुळलं नाही, ते नाहीच. त्यामुळे लांबून येणारा सोयरा कुरलोजीला मोठा मोठा होताना दिसे, आणि आता बोलणार म्हणेपर्यंत पुसून जाई. भेटीला म्हणून पुढे केलेली नांगी हवेत मिटे, नाहीतर नको तिथे मिटे. चिखलात उड्या मारणाऱ्या मासळीच्या, निवटी मावशीच्या, शेपटाचा शेंडा असाच गेला.

मग राज्यातले जीव नाहीसे व्हायला लागले. नुकती कात टाकलेले, मऊ अंगाचे, बिळाबाहेर आलेले आणि परत न गेलेले. कारभाऱ्याचा आवाज आला. तो नेहमी वरूनच येई. "कुरलोजी, मनाला लावून घेऊ नकोस. जवळचं तुला दिसत नाही, चुकून नांगी मिटत असेल. तू आपला लांब बघ."

कुरलोजीने ते खरं मानलं. दोन्ही नांग्या पोटाशी घट्ट दुमडून तो बसू लागला. त्याचा घास लोक लांबच्या दगडावर ठेवून पळत. बोलणारी एकटी निवटी मावशी, तीही लांबूनच.

"काय रे मेल्या, जेवलास का? की मीसुद्धा नाहीच, असं म्हणणं आहे तुझ्या त्या दोन भवान्यांचं?"

"तू आहेस ना मावशी. तू लांब आहेस."

"हो बाबा. आहे म्हणून लांब नाही, लांब आहे म्हणून आहे!" असं म्हणून ती हसे.

कुरलोजीची बायको चिंबाई अंडी सोडायला समुद्रात गेली होती. ती परतली तेव्हा त्याने तिला लांब, समुद्रात घुसलेल्या वाळूच्या दांड्यावरच ओळखलं. ती जवळ यायला लागली तसा तो ओरडला, "अगं, तिथेच थांब! पुढे आलीस की नाहीशी होशील."

चिंबाई थांबली. तेव्हापासून नवराबायको मधे चिखल ठेवून बोलत.

एका दुपारी ओहोटी लागली असताना ती मधला चिखल ओलांडून उंचवट्याच्या कडेच्या तिवराच्या मुळापाशी आली आणि म्हणाली, "अहो, माझी पाठ उकलायला लागलीय."

खेकड्यांची रीत अशी, की बायकोने कात टाकली की नवं कवच घट्ट होईपर्यंत नवऱ्याने तिला पोटाखाली धरून बसायचं. नांगीने उचलायचं, पण चिरडायचं नाही.

"माझ्या नांगीत नको येऊस," कुरलोजी म्हणाला. "किती जीव गेलेत हिच्यात."

"तुम्ही पाहिलेत जाताना?"

"मला जवळचं दिसतं कुठे?"

"मग सांगितलं कोणी?"

तेवढ्यात तिची कात सुटली आणि तिचं बोलणं थांबलं. अंग लोण्यासारखं झालं होतं. वरून आवाज आला, "समुद्राकडे बघ, कुरलोजी, शीड आलंय. तिला राहू दे तिथेच. मी आहे ना लक्ष द्यायला."

शीड खरंच आलं होतं. थोरली आणि धाकटी सवयीने सांगू लागल्या. कुरलोजीने त्यांचं ऐकलं नाही. तो आडवा आडवा सरकत तिवराच्या मुळाशी गेला, काडी चाचपडत मुळाच्या खोबणीत अडकवली आणि अंग मागे ओढलं. देठ मुळासकट उपटल्यासारखे कळवळले. काडी कडकन मोडली.

दोघी बहिणी एकमेकींवर आदळल्या आणि तशाच खेटून राहिल्या. मग थोरली म्हणाली, "चिंबाई..." आणि धाकटीने ते पुरं केलं, "...इथे, नांगीपुढे."

पांढरं काहीतरी फडफडत वर गेलं. कुरलोजीने नांगी उघडली, चिंबाईला अलगद उचललं आणि पोटाखाली घेतलं. ती श्वास घेत होती.

समुद्र, बेट आणि शीड एका भिंतीवर रंगवल्यासारखी सपाट झाली होती. कोण अलीकडे, कोण पलीकडे, काही कळत नव्हतं. लांबून निवटी मावशी विचारत होती, "अरे, शीड कुठवर आलं?" दोघी बहिणी आता खाली बघत होत्या आणि एका आवाजात सांगत होत्या. उंचवट्याच्या चिखलात लांब बोटांची पावलं उमटली होती, जुनी वाळलेली आणि आजची ओली. पावलांच्या कडेने रिकामी कवचं पडली होती, आणि त्यातलं एकही चिरडलेलं नव्हतं. प्रत्येकाला चोचीएवढं एकच भोक होतं. पावलं चहूकडून उंचवट्यावर येत होती, आणि कितीतरी कुरलोजीच्या स्वतःच्या पायांच्या खुणांमधून गेली होती.