झुबकीच्या चाकाचा नट

झुबकी खारीची एवढीशी गाडी. चाक वाजे खुडखुड, खुडखुड.

केसू अस्वल म्हणाला, "वहिनी, गॅरेजला आणा. मी बघतो."

झुबकी म्हणाली, "त्यात काय, भाऊजी? माझं मीच करते."

तिनं चाक खोललं. नट ठेवला दगडावर. गॅरेजात नट डब्यात ठेवतात. झुबकीला काय ठाऊक?

आला कावळा, फडफड फडफड. नट घेऊन गेला.

आणि टेकडीपलीकडे बालवाडी सुटली. झुबकीचं पिल्लू टिल्लू पायरीवर बसला. आईची वाट बघत.

"उगाच खोललं गं बाई, उगाच खोललं."

असं म्हणत झुबकी गेली गॅरेजला. तुरुतुरु, तुरुतुरु.

"भाऊजी, चाक बसवा."

"नट आणा, मग चाक बसवतो. एवढासा नट माझ्याकडं नाही."

टिल्लूचं सांगायची तिला लाज वाटली. गेली कावळ्याकडं. तुरुतुरु, तुरुतुरु.

"कावळेदादा, नट दे. नट देईन भाऊजींना, भाऊजी बसवतील चाक."

"कापूस आण, मग नट देतो. घरटं टोचतंय."

"उगाच खोललं गं बाई, उगाच खोललं."

गेली कपाशीकडं. तुरुतुरु, तुरुतुरु.

"कपाशीबाई, कापूस दे. कापूस देईन कावळ्याला, कावळा देईल नट, नट देईन भाऊजींना, भाऊजी बसवतील चाक."

"पाणी आण, मग कापूस देते. घसा सुकलाय."

"उगाच खोललं गं बाई, उगाच खोललं."

गेली विहिरीकडं. तुरुतुरु, तुरुतुरु.

"विहीरमावशी, पाणी दे. पाणी देईन कपाशीला, कपाशी देईल कापूस, कापूस देईन कावळ्याला, कावळा देईल नट, नट देईन भाऊजींना, भाऊजी बसवतील चाक."

"तेल आण, मग पाणी देते. रहाट फिरत नाही. करर करर."

तेल कुठं? गॅरेजात. ऊन उतरलं होतं. झुबकी गेली मान खाली घालून.

"भाऊजी, तेल द्या. तेल देईन विहिरीला, विहीर देईल पाणी, पाणी देईन कपाशीला, कपाशी देईल कापूस, कापूस देईन कावळ्याला, कावळा देईल नट, नट देईन तुम्हाला, तुम्ही बसवाल चाक. माझा टिल्लू पायरीवर बसलाय, भाऊजी. माझंच चुकलं."

केसूनं हातातला पाना खाली ठेवला.

"अहो वहिनी, हे आधी नाही का सांगायचं?"

केसूनं दिलं तेल. तेल दिलं विहिरीला, विहिरीनं दिलं पाणी. पाणी दिलं कपाशीला, कपाशीनं दिला कापूस. कापूस दिला कावळ्याला, कावळ्यानं दिला नट. नट दिला भाऊजींना, भाऊजींनी बसवलं चाक. कर्रकच्च.

गाडी निघाली, भुर्रर्र.

बालवाडीच्या बाई कुलूप हातात घेऊन उभ्या. पायरीवर टिल्लू.

"आई, सगळ्यांच्या आया आल्या. तू शेवटी."

"हो रे बाळा. मी शेवटी."

"उद्या?"

"उद्या तू दारात येशील ना, तेव्हा मी समोर असेन."

टिल्लूनं मान हलवली. पण घर येईपर्यंत आईची शेपटी काही सोडली नाही.