वीस हात दोर

एकदा एक हळदीचा व्यापारी अशा राजाच्या राज्यात राहत होता, की मिशीला पीळ दिला तरी पिळामागे एक कवडी कर पडे. एके दिवशी सिंहासनावरून उठताना खुद्द राजाचे गुडघे वाजले आणि त्याला म्हातारपणाची कणव आली. फर्मान निघाले : उतारवयासाठी जो सरकारी पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद ठेवील, त्याला वर्षाला बारा पोत्यांपर्यंत कर माफ; त्यापुढे हवी तितकी ठेवावी, पण कर भरून.

तेव्हापासून फाल्गुन लागला की व्यापारी पेवाभोवती घिरट्या घाली. अकरा झाली का, बारा झाली का? बारावे पोते उतरले की हात झटकून घरी. उरलेल्या सात पोत्यांवर मुकाट कर भरी आणि मेजवान्यांत त्यांची वाट लावी. यंदा वर्ष सरायला दोन दिवस असताना बायकोने वाढता वाढता विचारले, की पोटी मूलबाळ नाही, तर एवढ्यात आपले म्हातारपण निभेल का?

"अगं, बारापुढे माफीच नाही," तो म्हणाला.

तिने पुन्हा विचारले नाही. तेच त्याला कुसळासारखे सलत राहिले. रात्रभर कूस बदलून सकाळी त्याने टेकडीवरच्या वृद्ध गुरूंकडे धाव घेतली. त्याने तोंड उघडण्याआधीच गुरूंनी त्याला परत बाजारात पिटाळले : आडाचा दोर तुटला आहे, नवा आण, मग बोलू.

भर उन्हात तो उतरला, चढला, आणि धापा टाकत पोहरा आत सोडला. पोहरा पाण्याच्या सात हात वरच लोंबकळत राहिला. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असे लोक म्हणतात. इथे आडात होते आणि पोहऱ्यात येत नव्हते. घसा कोरडा पडला.

"किती हात आणलास?"

"वीस, बाबा."

"वीसच का?"

व्यापारी घुटमळला. "वीस हातांपर्यंत दोराला जकात नाही."

गुरूंनी मिशीला पीळ न देता हसू दाबले. "अरे, आपण किती कर सोडणार, ते राजाने सांगितले. आड किती खोल, हे त्याला कुठे ठाऊक? माफी पुरती घ्यावी. न घेणारा मूर्खच. पण ते राजाच्या औदार्याचे माप आहे, तुझ्या तहानेचे नव्हे. वरच्या सात हातांना जकात पडेल, पडू दे. ते सात नसतील, तर हे वीसही वाया."

व्यापाऱ्याने पागोटे सोडले, दोराला गाठ मारली आणि तो पोटभर पाणी प्याला.

घरी सात पोती अजून अंगणातच होती. मेजवानीचा आचारी ओट्यावर ताटकळत बसला होता. त्याला व्यापाऱ्याने हात जोडून परत पाठवले, आणि बोडक्या डोक्यानेच बायकोपाशी टेकला.

"म्हातारपणी आपल्या दोघांना वर्षाला किती लागेल गं?"

तिने हातातले सूप खाली ठेवले आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली.