आधी तो डबा उतरवा

मावसबहिणीच्या लग्नासाठी उत्कर्षा पन्हाळ्यावरच्या हॉटेलात आली होती. नोकरीची ऑनलाइन मुलाखत पाचच मिनिटांवर, आणि मोबाइलला रेंज नाही! लॅपटॉप हॉटेलच्या वायफायला जोडला, पण लॉगिनचं पान काही उघडेना. तिने हॉटेलच्या मॅनेजरना बोलावून स्क्रीन दाखवला.

मॅनेजर निंबाळकर तोऱ्यात म्हणाले, "विंडोज नाही, लिनक्स आहे ना? मग कसं उघडेल? असलं भंगार आमच्या वायफायवर चालत नाही!"

सेटिंग चाळताना तिला एकदम आठवलं, घरी तिनेच डीएनएस, म्हणजे वेबसाइटचे पत्ते शोधून देणारा सर्व्हर, बदलून ठेवला होता. लॅपटॉप प्रत्येक पत्ता बाहेरच्या सर्व्हरला विचारत होता, आणि लॉगिन केल्याशिवाय हॉटेल त्याला बाहेर सोडत नव्हतं. तिने डीएनएस पूर्ववत केला. लॉगिनचं पान उघडलं. लॉगिन करताना तिला दिसलं, पानाच्या तळाशी हॉटेलच्या राउटरची माहिती होती. ती वाचून उत्कर्षाला हसू फुटलं.

"या वेळी चालवून घेतो," निंबाळकर गुरगुरले, "पुन्हा लिनक्स इथे दिसता कामा नये."

"मग आधी भिंतीवरचा तो राउटरचा डबा उतरवा," उत्कर्षा म्हणाली. "तोही लिनक्सवरच चालतो. वायफाय का गेलं, ते वऱ्हाडाला तुम्हीच सांगा!"

निंबाळकर लुकलुकणाऱ्या डब्याकडे बघतच राहिले. इकडे लॅपटॉपवर मुलाखतीची रिंग वाजली.