आगाशे सरांचं नाव

“आणि माझा परिचय कोण करून देणार?” आगाशे सरांनी विचारलं.

“कुणी नाय,” कासमचाचा म्हणाले.

“कुणीच नाही?”

“तुमचा तुम्हीच.”

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. प्राचार्य असताना समोरच्याला घाम फोडायला त्यांना एवढं पुरायचं. कासमचाचा दर्ग्याच्या पायरीवर बसून चहा पीत राहिले.

कासम परकार तेवीस वर्षं रॉटरडॅमच्या बोटींवर स्वयंपाकी होते. आता ते खाडीकाठच्या या दर्ग्याचं अंगण झाडतात. लोक त्यांना फकीर म्हणतात. ते हो म्हणत नाहीत, नाही पण म्हणत नाहीत. आसपासच्या चार गावांत डच येणारा माणूस तेवढा एकच, म्हणून सर त्यांच्याकडे आले होते.

सरांच्या लेकीनं, मुक्तानं, हॉलंडमधल्या मुलाशी लग्न केलं. सर लग्नाला गेले नाहीत आणि नंतर तीन वर्षं बोललेही नाहीत. आता नातीचा पहिला वाढदिवस होता. मुक्तानं आपण होऊन फोन केला, म्हणाली, बाबा, या. फक्त इथल्या लोकांना नाव त्यांच्या भाषेत सांगा, बाकी काही नको.

“तिकडं वाढदिवसाला खुर्च्या गोल मांडतात,” चाचा सांगत होते. “आलेल्या माणसानं एकेकापुढं जायचं. हात द्यायचा, नाव सांगायचं. ‘इक हेट’ अमुक, म्हणजे माझं नाव अमुक. मग पुढचा. गोल पुरा झाला की बसायचं. मग कॉफी, केक.”

“आणि मी बसूनच राहिलो तर?”

“तर त्यांना वाटेल, म्हाताऱ्याचा राग अजून गेला नाय.”

सरांचा राग कधीच गेला होता. तो गेल्याचं कुणाला सांगायचं कसं, एवढंच त्यांना येत नव्हतं.

मग त्यांनी फोनवर भाषांतर करून उतरवलेला कागद खिशातून काढला, नुसता धीरासाठी, कारण अकरा दिवस घोकून तो पाठ झाला होता. उभे राहून, घसा साफ करून त्यांनी डचमध्ये स्वतःचं पूर्ण नाव, पद, पदवी, दोन पुस्तकं आणि जिल्ह्याचा आदर्श प्राचार्य पुरस्कार, सगळं न अडखळता म्हणून दाखवलं.

चाचांनी डोळे मिटून ऐकलं.

“पाठ झकास झालंय,” ते म्हणाले.

“आभारी आहे.”

“पण एवढं ऐकेपर्यंत तिकडं केक संपला.”

“म्हणजे?”

“नुसतं नाव सांगा.”

“इक हेट प्राचार्य…”

“ते काम होतं.”

“इक हेट डॉक्टर…”

“ती डिग्री.”

“इक हेट आगाशे सर.”

चाचा इतके हसले की चहा बशीत सांडला.

“सर कोण म्हणतं तुम्हाला?”

“सगळेच.”

“घरात?”

“ही ‘अहो’ म्हणते. धाकटे भाऊ दादा म्हणतात.”

“मग तुमचं नाव, वामन, ते कोण म्हणतं?”

सरांनी हातातल्या कागदाची घडी घातली.

“आई म्हणायची,” ते म्हणाले. “तिला जाऊन एकोणीस वर्षं झाली.”

चाचा उठले. सरांचा हात धरून ते त्यांना धक्क्यावर घेऊन गेले. तिथे शेडच्या सावलीत सात बायका गोल करून कोळंबी सोलत बसल्या होत्या. चाचांनी त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. बायकांना ही कल्पना भलतीच आवडली.

सर दोन पावलं मागे सरले. परक्या बाईचा हात त्यांनी जन्मात कधी धरला नव्हता, त्यात हे हात मनगटापर्यंत ओले.

“द्या की हात, सर,” पहिली म्हणाली. “तिकडच्या बायका काय खातील तुमाला?”

सरांनी हात पुढे केला.

“इक हेट…” ते खाकरले. “वामन.”

“मी चांगुणा,” ती म्हणाली.

दुसरीपाशी नाव जरा बरं निघालं. चौथीपाशी ते खाकरले नाहीत. सातवीपाशी ‘वामन’ असा खणखणीत निघाला की शेडवर बसलेले बगळे उडाले.

सर परत आले ते कोळंबीच्या वासासकट. चेहरा पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोरासारखा.

“जमलं, चाचा.”

“तिसरीचं नाव काय?”

सरांनी मागे वळून पाहिलं. त्यांना एकही नाव आठवेना.

“फिरा पुन्हा,” चाचा म्हणाले.

या वेळी सर सावकाश फिरले. नाव सांगायचे आणि थांबायचे. चांगुणा. मालन. सुगंधा. चौथी सगळ्यांत म्हातारी होती.

“मी भिकूची आय,” ती म्हणाली.

सरांनी हात सोडला नाही.

“ते भिकूचं नाव झालं. तुमचं?”

म्हातारीनं शेजारणीकडे पाहिलं. मग खाली कोळंबीकडे पाहिलं.

“…पारू,” ती म्हणाली आणि दुसऱ्या हातानं तिनं पदर तोंडावर घेतला.

“अगं, चाळीस वर्षं तुझ्या शेजारी बसतेय मी,” सुगंधा म्हणाली, “आनि तू पारू?”

मग जो हशा उठला, त्यात सरही सापडले. चष्मा ओल्या हातानं पुसायला गेले आणि तो आणखीच खराब झाला. “इक हेट पारू,” म्हातारी आपल्या मनाशी म्हणून बघत होती.

तिसरी फेरी सरांनी कुणी न सांगता केली. सातही नावं त्यांनी बिनचूक घेतली.

दोघं दर्ग्याकडे परत निघाले. सर वाटभर बोलत होते. पायरीपाशी मात्र ते थबकले.

“चाचा, त्या गोलात माझी नात पण असेल.”

“असेलच.”

“ती वर्षाची आहे. तिला माझं नाव कळायचं नाही. तिला काय सांगू?”

चाचांनी खराटा उचलला.

“तिला काय सांगू नका,” ते म्हणाले. “ती जी हाक मारेल, तिला ओ द्या.”