जावयाला दिली असती अशी गाडी

हर्षदला जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची होती आणि त्याने दोन गाड्या हेरून ठेवल्या होत्या. इचलकरंजीच्या डॉक्टर पाटगावकरांनी स्वतःच्या गाडीचं ओरखडलेलं दार आणि जड क्लच आपणहून दाखवला होता. कोल्हापुरातल्या शिंत्रेशेठच्या शोरूममधली लाल गाडी मात्र आरशासारखी चमकत होती, आणि हर्षदचा जीव तिच्यावरच जडला होता. त्याच्या आईला, मालनबाईंना, धास्ती होती ती ब्रेकची.

"खासगी माणूस गाडी गळ्यात मारून मोकळा होतो," शिंत्रेशेठ खुर्चीत रेलून म्हणाले. "ही मी डोळे मिटून माझ्या जावयाला दिली असती."

जावई शेजारीच चहा पीत बसले होते.

"मग आज त्यांनाच द्या," मालनबाई म्हणाल्या. "आंबा घाट उतरून परत आले, की लगेच घेते."

जावयांनी हौसेने किल्ली उचलली.

"अहो जावईबापू, ठेवा ती खाली," शेठ ताडकन उठले. "ब्रेकचा काही भरवसा नाही तिच्या."

मालनबाईंचा जीव भांड्यात पडला.

"सकाळपासून मी मुलाला हेच सांगतेय, शेठ. बरं झालं, तुम्हीच सांगितलंत."

हर्षद तोवर डॉक्टरांना फोन लावत होता.