पिंजारणीने दाखवलेली जखम

नूरीने सकाळी उठल्या उठल्या आईच्या कात्रीने आपली वेणी कापून टाकली आणि जाहीर केलं, की आजपासून ती शाळेत जाणार नाही.

तिची आई जैनब पिंजारीण. घर म्हणजे एकच खोली. तिथेच कापूस पिंजायचा, तिथेच गाद्या भरायच्या. आठ वर्षांची नूरीही तिथेच झोपायची, त्यामुळे कितीही विंचरलं तरी केसांत कापसाचे दोन तंतू राहायचेच. ते शाळेत सेनापतींच्या मुलाला, रणधीरला दिसले. ही पोर रुईच्या म्हातारीसारखी वाऱ्यावर उडेल, असा शोध त्याने लावला. त्या घराण्यात कित्येक पिढ्यांत लागलेला तो पहिलाच शोध होता. मग रोज पाच-सहा पोरं तिच्या डोक्यावर फुंकर मारायची आणि ओरडायची, "उड म्हातारे, उड." दोन महिने तिच्या शेजारी कोणी बसत नव्हतं.

जैनब आधी केरोपंत गुरुजींकडे गेली. गुरुजी मुळातच दयाळू. सेनापतींच्या घरी दर गुरुवारी जेवायला लागल्यापासून आणखीच दयाळू झाले होते.

"पोरांची थट्टा ती, जैनबबी. हसून सोडून द्यायची," ते म्हणाले.

मग ती थेट उदाजीराव महाराजांच्या दरबारात गेली. सोनखांब संस्थानात सगळ्या जातींच्या पोरांसाठी शाळा त्यांनीच काढली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तसं सांगतही असत. शाळेत फळ्यापेक्षा त्यांच्या नावाची पाटी मोठी होती. अशा शाळेत कुणी पोर रडते म्हणजे काय?

"मारलं का कुणी तिला?" महाराजांनी विचारलं.

"नाही सरकार. चिडवतात. रोज."

"चिडवल्याने काय अंगाला भोकं पडतात? शब्द म्हणजे वारा."

दरबार हसला. दरबाराला दुसरं काम नव्हतं.

महाराजांना चेव चढला. "तीन दिवसांत शब्दाने झालेली जखम आम्हाला डोळ्यांनी दाखव. दाखवलीस तर मागशील ते देऊ. नाही दाखवलीस तर पोरीचं नाव शाळेतून काढू, आणि राजवाड्याच्या गाद्याही दुसऱ्याकडे जातील."

जैनब घरी आली तेव्हा नूरी भिंतीकडे तोंड करून बसली होती. आईने कात्री घेतली आणि तिचे वाकडेतिकडे केस सारखे करत विचारलं, "लागतं कुठे गं नेमकं?"

नूरी भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "ते म्हणतात ना अम्मी, तेव्हा एवढं नाही लागत. पण आता कुणीही दोघं कुजबुजले तरी वाटतं, माझंच चाललंय. घरी आले तरी ऐकू येतं."

जैनबने कात्री खाली ठेवली. "दोन दिवस घरीच राहा," ती म्हणाली. "मला राजवाड्यात काम आहे."

दुसऱ्या दिवशी ती राजवाड्याच्या चौकात महाराजांच्याच गादीचा कापूस पिंजत बसली. महाराज तिथून चालले होते. तिने त्यांच्या मिशांकडे पाहिलं, मान खाली घातली आणि पदर तोंडाला लावला.

"काय झालं?"

"काही नाही सरकार. सकाळी बाजारात सरकारांच्या मिशांचा विषय निघाला होता."

"काय म्हणत होते?"

"जाऊ द्या. शब्द म्हणजे वारा."

महाराज दहा पावलं गेले, परत आले, पुन्हा गेले आणि त्यांनी आरसा मागवला. मग दिवाणजींना बोलावलं. "आमच्या मिशांबद्दल लोक काय बोलतात?"

"काहीच नाही महाराज."

"काहीच नाही? म्हणजे फारच वाईट बोलत असणार."

संध्याकाळी न्हावी आला. त्याने डावी मिशी थोडी कापली, मग तिच्याशी जुळावी म्हणून उजवी, मग उजवीशी जुळावी म्हणून पुन्हा डावी. दुसऱ्या दिवशी दोन दासी कोपऱ्यात कशावरून तरी हसल्या, आणि महाराज ताटावरून उठले. न्हाव्याला पुन्हा बोलावणं गेलं.

तिसऱ्या दिवशी, ऐन वैशाखात, महाराज नाकापर्यंत शेला गुंडाळून दरबारात येऊन बसले.

"आणलीस का जखम?" शेल्यातून आवाज आला.

"आणावी लागली नाही," जैनब म्हणाली. "सरकारांनीच ती शेल्याखाली झाकून आणलीय."

दिवाणजी एकाएकी छताची नक्षी पाहू लागले. महाराजांनी हळूच शेला खाली केला. नाकाखाली दोन मुंग्या बसाव्यात, तेवढंच काय ते उरलं होतं.

"बाजारात काय म्हणाले, ते आधी सांग."

"भाजीवाली म्हणाली, सरकारांच्या मिशा मोठ्या झोकदार आहेत. एवढंच."

"म्हणजे वाईट कुणी बोललंच नाही?"

"नाही सरकार. न बोललेल्या शब्दाने दोन दिवसांत सरकारांच्या मिशा गेल्या, जेवण गेलं. माझी पोर दोन महिने बोललेले शब्द ऐकतेय. तिच्यापाशी तर शेलाही नाही."

महाराजांनी नाकाखाली बोट फिरवून पाहिलं. मग त्यांचं पोट हललं, खांदे हलले आणि ते खदखदून हसू लागले. दरबाराने आधी खात्री करून घेतली, मग तोही हसला.

"माग काय हवं ते."

"नूरीच्या शेजारचं बस्कर रिकामं आहे. एक दिवस तिथे बसा."

दुसऱ्या दिवशी महाराज शाळेत मांडी घालून नूरीच्या शेजारी बसले. त्यांनी रणधीरला पुढे बोलावलं.

"मार आमच्या डोक्यावर फुंकर."

रणधीर पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला.

"जमत नाही? मग हिच्या डोक्यावर कशी जमत होती?"

रणधीरने गुरुजींकडे पाहिलं. केरोपंत गुरुजी "थट्टा ती महाराज, हसून सोडून द्यायची," म्हणत मदतीला धावले, तर महाराजांनी त्यांची तिथल्या तिथे हत्तीखान्यावर नेमणूक केली. हत्तीने सोंडेने चिखल उडवला, की हसून सोडून द्यायचं, एवढंच काम.

मग ते नूरीकडे वळले. "तू सांग. कशा दिसतात आमच्या मिशा?"

नूरीने एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं. "डावी जरा जास्त कापलीय. पण वाढेल."

महाराज इतके हसले, की बाहेर बांधलेला त्यांचा घोडा बिथरला. राजवाड्याच्या सगळ्या गाद्यांचं काम त्यांनी तिथेच जैनबच्या नावे कायमचं लिहून दिलं आणि नूरीला विचारलं, "उद्याही बसू का इथे?"

"बसा," नूरी म्हणाली. "पण पाटी स्वतःची आणा."